बॉबिनची खूण

आयुष्यात कशातही माझा पहिला नंबर आलेला नाही. शाळेत चमचा-लिंबूत लिंबू पडलं. रांगोळीत शेजारच्या मुलीच्या मोराने माझ्या कमळाची वाट लावली. ऑफिसच्या संगीतखुर्चीत मी शेवटच्या दोघींपर्यंत पोचले होते, पण समोरचीने अशी मुसंडी मारली की मी खुर्चीऐवजी हेडक्लार्कच्या पायावर बसले. दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ, सगळे आले. पहिला नाही. बावन्नावं लागलं तरी ही गोष्ट मला टोचते, आणि टोचते हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

म्हणून गेल्या जानेवारीत जे झालं ते सांगायचं आहे.

आमच्या मुलुंडला दर हिवाळ्यात मैदानावर शेतीचं प्रदर्शन भरतं. मुलुंडमध्ये शेती कुठे, असं विचारू नका. ती गॅलरीत आहे, गच्चीवर आहे, रेल्वेलाइनच्या कडेला पालकाच्या वाफ्यांत आहे. कुंडीत वाढवलेलं हातभर पडवळ, बादलीतली वांगी, पाण्याच्या टाकीखाली पिकवलेली अळूची पानं, हे सगळं लोक लेकराला न्यावं तसं जपून रिक्षातून आणतात आणि पांढऱ्या कागदावर मांडतात. बियाण्यांचे, गांडूळखताचे, कोकम-कुळथाचे स्टॉल असतात. आणि मंडपाच्या एका अंगाला ‘घरगुती विभाग’ असतो. त्यात लोणची-मुरंबे, हस्तकला आणि घरगुती बेकरी. आमच्या जिवाची तगमग असते ती या कोपऱ्यात.

बेकरीत गेली तीन वर्षं आमच्या सोसायटीतल्या बी विंगच्या ताईंचा केक पहिला येत होता. बाई चांगली आहे, केकही चांगला असतो. पण निकाल लागला की सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो, मग त्यावर सगळ्यांचे हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, फुलं उधळणारे इमोजी, आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘मी काही विशेष केलं नाही.’ तीन वर्षं मी तेही सहन केलं. चौथ्या वर्षी प्रदर्शनाचं पत्रक ग्रुपवर आलं, त्याखाली कुणीतरी लिहिलं की बेकरीचा निकाल आताच जाहीर करून टाका, आणि माझी सटकली. मी लिहिलं, ‘यंदा बघाच. नानकटाई.’ पुढे तीन उद्गारचिन्हं. पाठवलं आणि मग विचार केला. माझं सगळं असंच उलटं चालतं.

नवरा पेपर वाचत होता. फोन वाजला म्हणून त्याने बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, “तुला नानकटाई येते?”

“आईची येते ना.”

“मग आईला घालू दे की स्पर्धेत.”

“तू गप बस रे,” म्हटलं. त्या वेळी त्याच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. आता वाटतं, द्यायला हवं होतं.

आई माझ्याकडेच असते. भावाचं घर कांदिवलीला आहे, मोठं आहे, पण आईला मुलुंड मानवतं, कारण इथून कांजूरमार्ग जवळ. तिथल्या चाळीत तिची पंचेचाळीस वर्षं गेली. मूळ आम्ही मालवणकडचे, बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते करत राहिले. बाबा जाऊन बारा वर्षं झाली. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे कुरकुरतात, तोंड अजिबात कुरकुरत नाही, ते थेट बोलतं.

मी ओव्हनमध्ये पहिला घाणा काढला. नानकटायांनी एकमेकींना मिठ्या मारल्या होत्या, अख्ख्या ट्रेमध्ये एकच चपटी नानकटाई. दुसऱ्या वेळी मैदा वाढवला तर दगड झाले. तिसऱ्या वेळी वरून गोऱ्या, खालून कोळसा. आईने त्यातली एक उचलून उलटी केली, नखाने खरवडली आणि ताटलीत ठेवून दिली.

“ह्या बिस्कीट झाला गो. नानकटाई कडेन चिरूक व्हयी.”

“अगं पण ओव्हनच तसा आहे!”

“मगे भट्टीर न्हेवया,” आई म्हणाली. “घरची नानकटाई कोण घरात भाजता?”

हे वाक्य तुम्हाला विनोदी वाटेल. आम्हाला तेव्हा कुणालाच वाटलं नाही. कारण खरोखरच, माझ्या लहानपणी घरची नानकटाई घरात भाजायचा प्रश्नच नव्हता. चाळीत स्टोव्ह होता, ओव्हन कुणी बघितला होता? दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत प्रत्येक घरातून सामान निघायचं. मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप नाहीतर डालडा, पुडीत वेलची-जायफळ. घरी मिश्रण तयार करायचं आणि पातेल्यावर फडकं बांधून स्टेशनमागच्या बेकरीत जायचं. पावाचा घाणा उतरला की भट्टी तापलेलीच असायची, त्या उरलेल्या धगीवर चाळीच्या नानकटाया भाजल्या जायच्या. बेकरीतल्या लांब फळीवर बायका ओळीने बसून गोळे वळायच्या, काळ्या पत्र्यांवर मांडायच्या, आणि भट्टीवाले चाचा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पत्रे आत सारायचे. भाजणावळ द्यायची की झालं.

भानगड असायची ती पत्रे बाहेर आल्यावर. वीस घरांचे पत्रे, सगळ्या नानकटाया गोल, सगळ्या पिवळसर. पत्र्याच्या कोपऱ्यात पिठाच्या गोळीने चिकटवलेली नावाची चिठ्ठी कधी जळायची, कधी उडायची. मग “ही माझी”, “अगं माझ्यात बेसन जास्त होतं”, “चावून बघ हवं तर” अशी जुंपायची. म्हणून प्रत्येक घराची खूण असायची. कुणी मधे चारोळी लावायचं, कुणी काट्याने रेघा ओढायचं, कुणी शर्टाचं बटण दाबायचं. आमची खूण बॉबिनची. बाबांनी गिरणीतून सूत गुंडाळायचं एक रिकामं लाकडी बॉबिन आणलं होतं, त्याचं टोक गोळ्यावर दाबलं की एक गोल वर्तुळ उमटायचं आणि मधे भोकाच्या जागी इवलासा उंचवटा राहायचा. हे दाबायचं काम माझं. मी सात वर्षांची असल्यापासून माझं. फार दाबलं तर नानकटाई चिरत नाही, कमी दाबलं तर भाजल्यावर खूण नाहीशी होते. त्यात मी तरबेज होते. भावाला आई हात लावू द्यायची नाही.

बॉबिन अजून होतं. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, सुया-दोऱ्यांच्या डब्यात.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी परात घेऊन बसले. तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायची, एकाच दिशेने, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. त्यातला एक थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. माझा थेंब तळाशी गेला. पुन्हा फेसलं. पुन्हा तळाशी. आई खुर्चीवर बसून बघत होती, तिच्या पायाची बोटं हलायला लागली होती.

“कपडे धुतस काय तूप फेसतस? सरक.”

ती खाली बसली. खाली बसायला तिला गुडघ्यामुळे दोन मिनिटं लागतात, पण बसल्यावर तिचा हात परातीत फिरायला लागला तो मी बघतच राहिले. तळव्याची टाच पुढे, बोटं मागे, परात एका जागी, खांदा हलत नाही. मधे एकदाच थांबून तिने तुपाचा वास घेतला. दहा-बारा मिनिटांत तूप ढगासारखं झालं. थेंब पाण्यावर तरंगला आणि मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. मैदा-बेसन तिनेच मिसळलं, कारण तिच्या मते माझा हात जड आहे. आहेच.

रिक्षाने कांजूरमार्गला गेलो. मांडीवर पातेलं, पातेल्यावर फडकं. बेकरी असेल का? भट्टी असेल का? चाळीच्या जागी टॉवर उभा आहे, स्टेशनमागचं ओळखीचं काहीच उरलेलं नाही. पण वळण घेतलं आणि पावाचा वास आला, आणि आईने रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारली, “थांब रे, थांब!”

चाचा कधीच गेले. त्यांचा मुलगा गल्ल्यावर होता, माझ्याच वयाचा. त्याने आईला बघितलं, मग पातेल्याकडे बघितलं, आणि उठून उभा राहिला.

“क्या मावशी! कितने साल बाद! नानकटाई?”

त्याला वाटलं होतं आता कुणी येणार नाही. पालिकेच्या हुकमाने लाकडाच्या भट्ट्या बंद करायच्या आहेत, काही महिन्यांत गॅसची बसवणार आहे, असं तो म्हणाला. “आप के लिए आज पत्रा निकालता हूँ,” म्हणत त्याने स्वतः काळे पत्रे पुसून दिले. आईने गोळे वळले. मी बॉबिन काढलं आणि दाबायला लागले. एक, दोन, तीन. हात विसरला नव्हता. चिठ्ठीवर पूर्वी बाबांचं नाव असायचं, या वेळी मी माझं लिहिलं. वीस मिनिटांनी पत्रा बाहेर आला तेव्हा मी बेकरीत चक्क ओरडले. प्रत्येक नानकटाई कडेने चिरलेली, मधे वर्तुळ, वर्तुळात टिंब. बाजूला पाव घ्यायला आलेली माणसं वळून बघायला लागली. मी त्यांनाही एकेक खायला दिली.

घरी येऊन फॉर्म भरला. ‘पदार्थ स्पर्धकाने स्वतःच्या घरी तयार केलेला असावा.’ खाली सही. मी सही केली. देवाशपथ सांगते, पेन एकदाही अडखळलं नाही. घरची नानकटाई होती ना ती.

रविवारी सकाळी आम्ही तिघं मैदानावर. नवऱ्याच्या हातात त्याची हस्तकलेतली प्रवेशिका होती, नारळाच्या करवंटीचा दिवा. दोन महिने गॅलरीत कानस घासून घासून त्याने तो केला होता आणि सगळ्या घरात करवंटीचा भुसा केला होता. हस्तकलेच्या टेबलाजवळ गेलो तर एखाद्या लग्नातलं रुखवत मांडल्यासारखं. क्रोशाची तोरणं, वायरच्या पिशव्या, लोकरीची बदकं, मण्यांचा गणपती. “तुझ्या दिव्याला इथे कोण विचारतंय,” असं मी त्याला म्हटलं. हे आता लिहिताना मला माझाच राग येतो.

बेकरीच्या टेबलावर नियमाप्रमाणे सहा नग पांढऱ्या बशीत. मी ते सहाही नग वर्तुळं सरळ येतील असे फिरवून फिरवून ठेवले. शेजारी बी विंगच्या ताईंचा केक होता, गाजर-अक्रोडाचा, वर क्रीमची गुलाबं. ताई म्हणाल्या, “तुमची खूण किती गोड आहे हो!” मी म्हटलं, “मी काही विशेष केलं नाही.” हे म्हणायला मिळालं यातच माझे प्रवेशाचे कष्ट वसूल झाले.

अकरा ते दोन परीक्षण. मंडपाचा तो भाग दोरी बांधून बंद. आम्ही बाहेर. मी आईला उसाचा रस पाजला, एक दुधी भोपळा सहा वेळा बघितला, गांडूळखताच्या माणसाचं सगळं भाषण ऐकलं आणि त्यातला एक शब्द डोक्यात शिरला नाही. नवरा म्हणाला, “तुला बीपीची गोळी देऊ का?” दोनला दोरी सुटली. मी चालत जायचं ठरवलं होतं. धावले.

बशीला टेकवून एक पिवळं कार्ड उभं होतं. ‘प्रथम क्रमांक.’ खाली माझं नाव.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. नवरा सांगतो की मी दोन्ही हात वर करून जागच्या जागी गोल फिरले आणि माझी पर्स एका मुरंब्याच्या बरणीला लागता लागता वाचली. आई सावकाश चालत आली. तिने कार्डाला बोट लावलं. ती अक्षर अक्षर लावून वाचते. ‘प्र-थ-म,’ तिने वाचलं, मग पुढे वाचलं, आणि मान हलवली. मी तिला मिठी मारली. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. फुलं उधळायला लागली. ती चाळीस मिनिटं माझी होती आणि एकही मिनिट वाया न घालवता मी ती उपभोगली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते.

मग परीक्षक बाई आल्या. सत्तरीच्या असतील, निवृत्त प्राध्यापिका, सुती साडी, गळ्यात चष्मा. हसत माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

“तुमच्या? फार वर्षांनी अशी नानकटाई खाल्ली. परीक्षण झालंय, आता नुसतं कुतूहल म्हणून विचारते. ही खूण कसली?”

झालं. मला एवढंच हवं होतं. मी सुरू झाले. गिरणी, बाबा, बॉबिन, सात वर्षांची मी, फार दाबलं तर काय आणि कमी दाबलं तर काय. “खूण नसेल तर भट्टीवर पत्रे बदलतात ना,” मी म्हटलं. “कालसुद्धा—”

आणि थांबले. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे बशीवर गेले होते.

“बरोबर,” त्या हळू म्हणाल्या. “घरच्या ओव्हनमध्ये भाजणाऱ्याला खूण कशाला लागते?”

तेव्हा कुठे मला ती ओळ आठवली. ‘स्वतःच्या घरी तयार केलेला.’ ज्या खुणेचा मी सकाळपासून तोरा मिरवत होते तीच सांगत होती की ही नानकटाई घरात भाजलेली नाही. तीन परीक्षकांनी बघितली आणि कुणाला कळलं नाही. आता मीच माझ्या तोंडाने सांगून मोकळी झाले होते.

बाई पुढे म्हणाल्या, “आमच्या घरची खूण काडेपेटीच्या काडीची. आम्ही एक आडवी काडी दाबायचो, शेजारचे दोन. दादरला होती आमची बेकरी.” मग चष्मा लावला, काढला. “मी गप्पा मारायला आले होते. मी काही ऐकलेलं नाही.” आणि त्या लोणच्यांकडे वळल्या.

म्हणजे कार्ड माझंच होतं. ठेवायचं असेल तर.

मी आईकडे गेले. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आल्यागेल्याला बशीतली नानकटाई लांबून दाखवत होती. मी तिला नियम वाचून दाखवला. तिने कपाळाला आठी घातली.

“विचारल्यानी तर सांगूचा. त्येच्यात लपवूचा काय आसा?”

तिला अडचण कळलीच नव्हती, आणि तेच मला झोंबलं. पंचेचाळीस वर्षं ती पातेलं घेऊन दिवसाढवळ्या बेकरीत गेली. चारचौघांत, ओळीत बसून, खूण करून. आणि आता एका पिवळ्या कार्डासाठी मी तीच भट्टी लपवायची? पुढच्या वेळी कुणी खुणेबद्दल विचारलं तर काय सांगणार, नक्षी आहे? माझा राग असा असतो की एकदा आला की मला उठवून चालायला लावतो. मी कार्ड उचललं आणि आयोजकांच्या टेबलापाशी गेले.

तिथले काका वहीत मान घालून बसले होते. मी सांगितलं. त्यांना आधी कळेना. मग त्यांनी पेन बंद केलं.

“मिश्रण कोणी केलं?”

“आईने.”

“भाजलं कोणी?”

“भट्टीवाल्याने.”

“मग ताई, तुम्ही काय केलंत?”

मी कार्ड टेबलावर ठेवलं. “खूण मी केली,” म्हटलं. मागे उभा असलेला माझा नवरा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. काकाही हसले. मीही हसले, पण माझे डोळे भरून आले होते आणि ते हसण्याने नव्हते. मला पहिला नंबर हवा होता हो. खूप हवा होता.

कार्ड केकपाशी गेलं. बी विंगच्या ताई अवघडल्या, “अहो असं कसं, मला नको,” वगैरे म्हणाल्या. मी म्हटलं, “घ्या. केक झकास आहे.” होताच. आणि माझ्या नवऱ्याच्या करवंटीच्या दिव्याला, ज्याला इथे कोण विचारतंय असं मी म्हटलं होतं, त्याला उत्तेजनार्थ मिळालं. ते कार्ड आता आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे आणि तो रोज दूध काढताना ते सरळ करतो.

निघताना परीक्षक बाई धावत आल्या. त्यांनी फक्त एकच विचारलं, “बेकरी अजून चालू आहे का?” मी पत्ता आणि माझा फोन नंबर लिहून दिला.

परतताना रिक्षात आई मधे, आम्ही दोन बाजूंना. तिच्या मांडीवर उरलेल्या नानकटाईचा डबा. ती त्याचं झाकण पुन्हापुन्हा दाबून बघत होती. मला वाटलं तिला वाईट वाटतंय. मी तिचा हात धरला.

“आई, सॉरी गं. तुझा नंबर घालवला मी.”

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. समोर सिग्नल लाल होता, ती तो सुटायची वाट बघत होती.

“माझो नंबर खय होतो? कार्डार तुझा नाव होता.”

रागाने नाही म्हणाली. सिग्नल लाल आहे असं सांगावं तसं म्हणाली. नवरा दुसरीकडे बघायला लागला. त्याने हेच पहिल्या दिवशी पेपर वाचताना म्हटलं होतं आणि मी त्याला गप बसवलं होतं. घर येईपर्यंत मी मनात मागे मागे जात होते. बेकरीतल्या चिठ्ठ्या. दर दिवाळीला, दर मे महिन्यात, कोपऱ्यात चिकटवलेलं नाव. बाबांचं. बाबांनी परातीला कधी हात लावला नव्हता. आणि काल माझं. त्या पत्र्यावर आईचं नाव कधी लागलंच नव्हतं, आणि इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा सामान आणलं. “आता खय स्पर्धा?” आईने विचारलं. म्हटलं, स्पर्धा नाही, गॅस बसायच्या आधी एकदा खाऊया. तिला ते पटलं. पुन्हा परात, पुन्हा पातेलं, फडकं, रिक्षा.

बेकरीत या वेळी गर्दी होती. परीक्षक बाई मला फोनवर दिवस विचारून आल्या होत्या, बहिणीला घेऊन, काडेपेटी पिशवीत. मी ग्रुपवर टाकलं होतं म्हणून बी विंगच्या ताई आल्या होत्या, त्यांना खूण काय करावी ते कळेना, शेवटी त्यांनी पर्समधल्या घराच्या किल्लीचं टोक दाबलं. ओळीने बसून सगळ्या गोळे वळत होतो आणि इतका गलका चालला होता की पाव घ्यायला येणारे हात पुढे करून नुसतेच उभे राहत होते. बॉबिन मी दाबलं. मग चिठ्ठी घेतली. आईचं नाव लिहायला लागले तर हात थबकला, कारण ते मी याआधी आधारकार्डाच्या फॉर्मवर लिहिलं होतं, त्यानंतर कुठेच नाही. तिचं नाव, बाबांचं नाव, आडनाव, असं पूर्ण लिहिलं आणि पिठाच्या गोळीने पत्र्याच्या कोपऱ्यात घट्ट चिकटवलं.

आईला बाकावर बसवलं होतं, गुडघ्यांमुळे. ती गप्पांत रमली होती.

भट्टीचं दार उघडलं, पत्रे बाहेर यायला लागले. भट्टीवाला चिठ्ठी बघून एकेक नाव मोठ्याने पुकारत होता, त्याच्या वडिलांसारखंच, शेवटचं अक्षर लांबवून. बाया उठून आपापला पत्रा घेत होत्या. मग आमचा पत्रा आला. चिठ्ठी कडेने तपकिरी झाली होती, पण शाबूत होती. त्याने ती डोळ्यांजवळ धरली आणि आईचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं.

आई वळून मागे बघत होती. मग दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे झुकून विचारलं, “कोणाक बोलवता गो तो?”

“तुकाच,” मी म्हटलं. “ऊठ, तुझो पत्रो इलो.”